पलटणीतील विद्या आणि परवान्याचा कागद

कोणत्याही समाजाचा इतिहास लिहू जाता लढायांची आणि पुढाऱ्यांची नावे सहज सापडतात. परंतु लढाई संपल्यावर घरी परतलेल्या शिपायाने पुढे आपले पोट कसे भरले, याची नोंद फारशी कोणी ठेवीत नाही. आपल्या समाजाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. कोरेगावच्या जयस्तंभास आपण दर वर्षी १ जानेवारीस आदराने वंदन करतो, महार रेजिमेंटच्या पराक्रमाच्या कथा मुलाबाळांना सांगतो. पण पलटणीतून नाव कमी झालेला आपला आजा वा चुलता गावी आल्यावर कोणत्या कामास लागला, असे विचारले तर घरोघर उत्तर अपुरे मिळते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या इतिहासाचा एक लहानसा पदर उलगडून पाहावा, असे योजिले आहे. लष्करात विजेचे काम शिकलेला शिपाई नागरी जीवनात सनदी वीजतंत्री कसा झाला, आणि पुष्कळदा का होऊ शकला नाही, हा तो पदर होय.

पहिला काळ : अक्षरांची शिदोरी

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात आपल्या लोकांचा भरणा मोठा होता, हे सर्वश्रुत आहे. त्या नोकरीने पगार व पेन्शन तर दिलेच, परंतु त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे शिपायांना व त्यांच्या मुलांना लष्करी शाळांतून अक्षरओळख दिली. गावच्या शाळेचा उंबरठा ज्यांना बंद होता, त्यांना छावणीतील शाळा उघडी होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेत शिक्षक होते. पुढे निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे, दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी सरकारने काढलेल्या तलावाच्या कामावर, त्यांना खजिनदाराची जागा मिळाली. पलटणीत मिळविलेली विद्या नागरी जीवनात भाकरी देऊ शकते, याचे हे आपल्या इतिहासातील ठळक उदाहरण. लेखन आणि हिशेब ही विद्या अशी होती की, तिला निराळ्या परवान्याची गरज नव्हती. कागदावर दोन ओळी लिहून दाखविल्या की परीक्षा झाली.

परंतु हा मार्ग फार काळ मोकळा राहिला नाही. १८९२-९३ च्या सुमारास ‘लढाऊ जाती’च्या सिद्धान्ताचा आधार घेऊन सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली विनंतीपत्र सिद्ध केले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज पोहोचविला. पहिल्या महायुद्धात मनुष्यबळाची निकड भासली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. आणि गरज संपताच १९२१ साली ती मोडण्यात आली. ज्या पिढ्यांस लष्करातून काही शिकून बाहेर पडता आले असते, त्या पिढ्यांचा हा मार्ग अशा रीतीने सरकारी हुकमाच्या एका कागदाने बंद झाला. कागदाचे सामर्थ्य किती असते, याचा अनुभव आपल्या समाजाने फार पूर्वीच घेतलेला आहे.

ज्या धंद्यास बलुतेदार नव्हता

लष्कराचे दार बंद असताना गावी काय होते? वतन होते, म्हणजे अहोरात्र राबण्याचे बंधन आणि त्याच्या मोबदल्यात तुटपुंजी जमीन व दारोदारची भाकरी. सुताराचे काम सुताराचे, लोहाराचे लोहाराचे. हाताला कसब यावे असा कोणताही धंदा वंशपरंपरेच्या कुंपणाआड बंदिस्त होता. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, त्यामागे हेच दुःख होते. शहरात तरी वेगळे होते असे नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्या माणसाला अन्य खात्यांत घेत. परंतु अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात नाही. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे व त्यामुळे विटाळ होतो, हे त्याचे कारण. यंत्र नवे आले, तरी जुनी शिवाशीव त्याच्यावर येऊन बसली.

अशा परिस्थितीत वीज आली. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. १९१५ साली खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून मुंबईस वीज मिळू लागली. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची पहिली आगगाडी सुरू झाली. या नव्या कामास बारा बलुतेदारांत कोणाचाच हक्क नव्हता. दिवा लावणाऱ्या, तार ओढणाऱ्या, मोटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराची जात शास्त्रांत लिहिलेली नव्हती. तांब्याच्या तारेला शिवाशीव कळत नाही. जो नियम जाणतो त्याच्या हातून ती काम करते आणि जो चुकतो त्याचा प्राण घेते, मग तो कोणीही असो. वंशपरंपरागत कसबापासून वंचित ठेवलेल्या समाजास असा धंदा म्हणजे मोठीच संधी होती. अडचण एवढीच की, तो शिकावयाचा कोठे?

युद्धकाळ आणि एका खात्यातील तीन सूत्रे

ती शाळा दुसऱ्या महायुद्धाने उघडली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली आणि भरतीचे दार पुनश्च उघडले. त्याच वेळी लष्कराचे स्वरूपही पालटत होते. घोडा व खेचर जाऊन मोटार आली. निशाण हलवून दिले जाणारे संदेश बिनतारी यंत्रातून जाऊ लागले. १९४३ साली हिंदी लष्करात विद्युत व यांत्रिक कामांसाठी स्वतंत्र दल निर्माण झाले. आरमारासाठी जामनगरजवळ रोझी बेटावर १९४२ साली ‘वलसुरा’ हे शिक्षणकेंद्र सुरू झाले. ते आरंभी पाणतीराच्या शिक्षणासाठी होते, परंतु पुढे आरमाराच्या वीजतंत्र्यांची शाळा म्हणूनच प्रसिद्धीस आले. खडकीचे बॉम्बे सॅपर्स तर पूर्वीपासूनच कारागीर शिपायांचे घर होते. युद्धाकरिता कुशल कामगार पुरविण्यासाठी १९४० पासून सरकारची तंत्रशिक्षण योजनाही चालू झाली होती. नांगर वा टोपली यांखेरीज दुसरे साधन न हाताळलेल्या हजारो खेडवळ तरुणांनी प्रथमच बॅटरी, डायनॅमो आणि स्विच हाताळले.

याच काळातील एक गोष्ट आपल्या समाजाने विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. जुलै १९४२ पासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री होते. मजूर खाते म्हटले की आपल्यासमोर कामगारांचे तास, रजा व वेतन येते. परंतु त्या वेळच्या मजूर खात्याकडे वीजविषयक धोरण होते, तंत्रशिक्षण योजना होती, आणि युद्ध संपत आल्यावर शिपायांच्या पुनर्वसनाचे कामही त्याच खात्याकडे आले. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर वीजविकासाचा विचार करणाऱ्या समितीपुढे अध्यक्ष या नात्याने बोलताना बाबासाहेबांनी विजेचा संबंध थेट दारिद्र्याशी जोडला. विपुल आणि स्वस्त वीज नसेल तर उद्योगीकरण नाही, आणि उद्योगीकरण नसेल तर या देशातील माणसाची दारिद्र्यातून सुटका नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. १९४४ साली सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड स्थापन झाले. जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व सेवायोजन महासंचालनालय निघाले. सैन्यातून मुक्त होणाऱ्यांना नागरी जीवनात काम मिळवून देणे हा त्याचा मूळ उद्देश होता. आज प्रत्येक जिल्ह्यात दिसणाऱ्या सेवायोजन कार्यालयांचे मूळ तेथे आहे.

वीज, शिक्षण आणि परतलेला शिपाई, ही तीन सूत्रे एका हाती होती, आणि तो हात एका सुभेदाराच्या मुलाचा होता. या योगायोगाकडे आपल्या चरित्रलेखकांनी व्हावे तितके लक्ष दिलेले नाही.

सुटका झाली, पुढे काय?

दुसऱ्या महायुद्धात सुमारे पंचवीस लक्ष हिंदी लोक सैन्यात होते. युद्ध संपताच त्यांपैकी बहुसंख्यांना घरी पाठविणे भाग होते. पुढील काळजीने सैनिकांची मने किती अस्वस्थ होती, हे फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईस झालेल्या आरमारी उठावावरून दिसते. तो उठाव ‘तलवार’ या संदेशवहनाच्या शिक्षणकेंद्रात, म्हणजे तंत्रज्ञ खलाशांतच सुरू झाला. राजकीय मागण्यांबरोबर लवकर सुटका करून शांततेच्या काळात योग्य काम द्यावे, हीही त्यांची एक मागणी होती. ज्याच्या हाती कसब आहे त्यालाच ते वाया जाण्याची भीती अधिक वाटते, ही मनुष्यस्वभावाची गोष्ट आहे.

ही भीती निराधार नव्हती. लष्करातील वीजकाम आणि गावातील वा शहरातील वीजकाम यांत नाते असले, तरी ते सख्ख्या भावांचे नव्हे. लष्करी वाहनातील वीज बॅटरीतून येते. तिचा दाब बहुधा चोवीस व्होल्टच्या आसपास असतो आणि विजेच्या परतीचा मार्ग गाडीच्या लोखंडी सांगाड्यातूनच ठेवलेला असतो. तेथे उघड्या तारेस बोट लागले तर फारसे बिघडत नाही. घरातील वीज २३० व्होल्टची, उलटसुलट वाहणारी. कारखान्यात तीन फेजची, चारशे व्होल्टच्या घरातील. तेथे धातूचा सांगाडा विजेच्या मार्गात येणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण. म्हणूनच तो सांगाडा स्वतंत्र तारेने जमिनीशी जोडावा लागतो, त्यास आपण अर्थिंग म्हणतो. स्विच नेहमी फेजच्या तारेवरच बसवावा, न्यूट्रलवर नव्हे; नाहीतर दिवा विझलेला दिसतो आणि होल्डरमध्ये वीज जिवंत राहते. दिव्यापंख्यांच्या एका उपशाखेवर दहाहून अधिक पॉइंट वा आठशे वॅटहून अधिक भार घालू नये. काम पुरे झाल्यावर मेगर लावून तारांच्या वेष्टनाचा रोध मोजावा, आणि पन्नासाला पॉइंटांच्या संख्येने भागून येईल त्याहून तो कमी मेगओहम भरू नये. या गोष्टी साध्या दिसतात; पण प्रत्येक नियमामागे कोणाचा तरी गेलेला जीव आहे. रणगाड्याचे वायरिंग डोळे मिटून करणारा शिपाई पहिल्याच दिवशी घरातील जिन्याच्या दिव्याच्या दोन स्विचांपाशी अडखळला, तर त्यात त्याच्या बुद्धीस कमीपणा नव्हता. त्याची शाळा वेगळी होती.

भाषेचीही अडचण होती. त्या काळी लष्करातील शिक्षण रोमन लिपीत लिहिलेल्या हिंदुस्थानीतून चाले. ज्याने यंत्राच्या भागांची नावे त्या भाषेत पाठ केली, त्यास बाजारातील मिस्त्रीची बोली आणि परीक्षेतील प्रश्न दोन्ही परके वाटत.

कायद्याची अट

सर्वांत मोठा अडसर कायद्याचा होता, आणि तो अडसर योग्यच होता असे आमचे मत आहे. १९१० च्या वीज कायद्याखाली केलेल्या १९५६ च्या नियमांतील ४५ व्या नियमाने स्पष्ट सांगितले की, दिवा, पंखा, फ्यूज अशा किरकोळ वस्तू बदलणे सोडून विजेच्या मांडणीचे कोणतेही काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच करावे. त्यावर सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची प्रत्यक्ष देखरेख असावी, आणि काम करणाऱ्या कारागिराजवळही सरकारी परवाना असावा. पुढे २००३ चा विद्युत अधिनियम आला आणि त्याखाली २०१० व २०२३ साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम झाले. तरी ही त्रिपदी व्यवस्था कायम आहे.

या व्यवस्थेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सर्वांत खाली तारतंत्री, ज्यास आपण वायरमन म्हणतो. त्याच्या वर पर्यवेक्षक. आणि त्याच्या वर ठेकेदार. प्रत्येक पायरीस स्वतंत्र परीक्षा वा अर्हता, आणि प्रत्येक पायरीचा वेगळा कागद. लष्करातही कारागिराच्या श्रेणी असत. तृतीय, द्वितीय, प्रथम असे वर्ग परीक्षा देऊन गाठावे लागत आणि त्यानुसार पगार वाढे. परंतु डिस्चार्ज बुकातील ती नोंद पाहून वीज निरीक्षक परवाना देईलच असे नव्हते. लष्करी धंद्यांची नागरी धंद्यांशी तुलना ठरवून देण्याचे प्रयत्न पुनर्वसनाच्या खात्यांनी केले आणि सेवायोजन कार्यालयांत नावनोंदणी करताना त्यांचा उपयोगही झाला; तथापि नोकरीसाठी नाव नोंदणे वेगळे आणि स्वतःच्या सहीने काम करण्याचा अधिकार मिळणे वेगळे.

ज्याने हा भेद ओळखला तो पुढे गेला. ज्याने ओळखला नाही, तो काम येत असूनही दुसऱ्याच्या परवान्याखाली राबत राहिला. भिंत खोदावी याने, पाइप बसवावा याने, तार ओढावी याने. पूर्तता अहवालावर सही मात्र दुसऱ्याची, आणि नफाही त्याचाच. वतनाच्या काळात आपण राबत होतो आणि हक्क दुसऱ्याचा होता. १९५८ च्या कायद्याने ती कनिष्ठ गाववतने गेली; परंतु परवान्यावाचून राबणारा कसबी हात पाहिला की, त्याच वतनाची छाया नव्या रूपात उभी राहिलेली दिसते. फरक इतकाच की, ते बंधन जन्माने लादलेले होते आणि हे परीक्षा देऊन तोडता येते.

मार्ग उघडले

स्वातंत्र्यानंतर हे बंधन तोडण्याची साधने एकामागून एक निर्माण झाली. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपल्या बोलण्यातील आयटीआय, निघू लागल्या. वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम तेथे शिकविले जाऊ लागले. १९५६ साली या धंदेशिक्षणाचा दर्जा देशभर एकसारखा ठेवण्यासाठी राष्ट्रीय परिषद नेमण्यात आली. तिच्या प्रमाणपत्रामुळे एका प्रांतातील कारागिराची विद्या दुसऱ्या प्रांतात मान्य होऊ लागली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने कारखान्यांना उमेदवार घेणे बंधनकारक केले. संबंधित धंद्याचा अनुभव असलेल्या माजी सैनिकास संस्थेत दोन वर्षे न घालविताही बाहेरून परीक्षेस बसण्याची वाट पुढे मिळाली. लष्कराच्या विशेष शिक्षण प्रमाणपत्रास सरकारी नोकरीसाठी मॅट्रिकची बरोबरी मिळाल्याने शालान्त परीक्षेची अडचणही पुष्कळांची दूर झाली.

कामही वाढत होते. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९६२ साली कोयनेची वीज वाहू लागली. खेडोपाडी खांब उभे राहिले, विहिरींवर मोटारी बसल्या. खांबावर चढणारा, तार जोडणारा आणि रात्री-अपरात्री फ्यूज घालणारा माणूस प्रत्येक तालुक्यास हवा होता. उंचीची भीती नसलेला, शिस्तीत वाढलेला, हुकूम नीट ऐकून त्याप्रमाणे वागणारा माजी शिपाई या कामास उत्तम. ‘तार मेलेली आहे असे स्वतः तपासल्यावाचून तिला हात लावावयाचा नाही’ हा वीजकामाचा पहिला नियम आणि ‘बंदूक रिकामी आहे असे स्वतः पाहिल्यावाचून ती रिकामी मानावयाची नाही’ हा पलटणीतील पहिला धडा, हे दोन्ही एकाच मनोवृत्तीचे आहेत.

उंबरठ्याच्या आत

या धंद्याची आणखी एक बाजू आहे आणि आपल्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची. पूर्वी आपल्या माणसास गावातील घराच्या उंबरठ्याबाहेर उभे राहून भाकरी घ्यावी लागे. तारतंत्र्यास उंबरठ्याबाहेर उभे राहून काम करताच येत नाही. दिवा स्वयंपाकघरात हवा असतो, माजघरात हवा असतो, देवघरातही हवा असतो. आणि ज्यास तेथे तार न्यावयाची, त्यास त्या खोलीत जावेच लागते. १९५० च्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ च्या कायद्याने ती पाळणे हा गुन्हा ठरविला. पण कायदा घराच्या आत फार क्वचित शिरतो. शिडी खांद्यावर आणि परवाना खिशात घेऊन तारतंत्री मात्र तेथपर्यंत गेला. सर्वत्र त्याचे स्वागत झाले असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. नाव विचारून कपाळास आठी घालणारे होते, आणि अजूनही आहेत. परंतु अंधारात बसलेल्या घरास शेवटी दिवा हवा असतो, आणि तो लावणाऱ्याकडे नियमाप्रमाणे परवाना आहे की नाही, एवढेच विचारण्याचा अधिकार कायदा त्या घरमालकास देतो.

आजची जबाबदारी

हा सर्व इतिहास आज आठवण्याचे कारण आहे. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेनुसार तरुण चार वर्षांसाठी सैन्यात जातात आणि त्यांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम करण्याची तरतूद त्या योजनेत आहे. म्हणजे पूर्वी पस्तिशी-चाळिशीत उभा राहणारा ‘पुढे काय?’ हा प्रश्न आता पंचविशीच्या आतच उभा राहणार, आणि त्यास पेन्शनचाही आधार नसणार. आपल्या समाजातील अनेक तरुण या मार्गाने जात आहेत. त्यांच्या आईबापांस आमची एवढीच विनंती आहे की, मुलगा गणवेशात घरी येईल तेव्हा त्याचा फोटो अवश्य काढावा. परंतु तो कोणते काम शिकला आणि त्याचा लेखी दाखला त्यास मिळाला की नाही, हेही त्याच वेळी विचारावे.

सेवेत असतानाच धंद्याची वरची श्रेणी गाठावी. सुटण्यापूर्वी पुनर्वसन महासंचालनालयामार्फत मिळणाऱ्या प्रशिक्षणाचा लाभ घ्यावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवावे. राष्ट्रीय प्रमाणपत्राची परीक्षा द्यावी, तारतंत्र्याचा परवाना घ्यावा, आणि तेथेच न थांबता पर्यवेक्षकाची व मग ठेकेदाराची पायरी चढावी. आपल्या संस्थेनेही केवळ गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार करून न थांबता, परवानाधारक जुन्या मंडळींची यादी करावी आणि नव्याने सुटून आलेल्या शिपायास त्यांच्या हाताखाली काही महिने उमेदवारी मिळेल अशी व्यवस्था करावी. एका मेगरची आणि चार पुस्तकांची किंमत एका समारंभाच्या मंडपाहून पुष्कळ कमी आहे.

१८९२ साली एका कागदाने आपल्या पूर्वजांच्या हातातील काम काढून घेतले. आज आपल्या मुलांच्या हाती कसब आहे. त्यावर त्यांच्या स्वतःच्या नावाचा कागद मिळवून देणे एवढेच उरले आहे, आणि ते काम आपल्या सर्वांचे आहे.